एका हुकुमाची चाळीस वर्षं

गोव्यामुळे पोर्तुगालशी आपली ओळख जुनी आहे. पण ती ओळख वास्को द गामा आणि अल्बुकर्क यांच्यापाशी सुरू होते आणि एकदम सालाझारपाशी येऊन थांबते. मधलं एकोणिसावं शतक आपल्या वाचनात फारसं येत नाही. याच शतकात पोर्तुगालने परचक्र पाहिलं, आपला राजा दरबारासकट समुद्रापार गेलेला पाहिला, ब्राझीलसारखा खंडप्राय मुलूख गमावला, दोन सख्ख्या भावांचं युद्ध भोगलं आणि राज्यघटनेवर चालणारं राज्य कसंबसं उभं केलं. या सगळ्या उलथापालथीत पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसणारा एक माणूस आहे. पंधरा वर्षांच्या आतबाहेर असताना तो सैन्यात गेला, सदतिसाव्या वर्षी उजवा हात गमावून बसला, पाच वेळा देशाचा पंतप्रधान झाला आणि आयुष्याची चाळीस वर्षं एकाच कामामागे लागून राहिला. बेर्नार्दो द सा नोगेरा द फिगेरेदो हे त्यांचं मूळ नाव. इतिहासात ते मार्किस सा दा बांदेरा या किताबाने ओळखले जातात. आणि ते चाळीस वर्षांचं काम म्हणजे पोर्तुगीज साम्राज्यातली गुलामगिरी संपवणं.

शिपाईगिरीची शाळा

सा नोगेरा यांचा जन्म २६ सप्टेंबर १७९५ रोजी सांतारेम इथला. तेजो नदीकाठचं हे जुनं शहर लिस्बनच्या ईशान्येला आहे. घरची जमीनजुमल्याची सुबत्ता होती. पण ते बारा वर्षांचे असतानाच, नोव्हेंबर १८०७ मध्ये, नेपोलियनचं सैन्य पोर्तुगालमध्ये घुसलं. राजघराण्याने जहाजं भरली आणि ब्राझील गाठलं. मागे राहिलेल्या देशाचं रक्षण इंग्रजांच्या मदतीने लोकांनाच करावं लागलं. १८१० मध्ये सा नोगेरा घोडदळात दाखल झाले आणि फ्रेंचांना हटवत हटवत सैन्याबरोबर थेट फ्रान्सपर्यंत पोचले. मार्च १८१४ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या विएला इथल्या चकमकीत ते गंभीर जखमी झाले आणि शत्रूच्या हाती सापडले. नेपोलियनचं राज्य महिन्याभरातच कोसळलं, म्हणून त्यांची सुटका लवकर झाली.

युद्ध संपलं तरी राजा परतला नाही. राज्यकारभार रिओ द जानेरोहून, सैन्याची सूत्रं इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती आणि तिजोरी रिकामी, अशी देशाची अवस्था होती. २४ ऑगस्ट १८२० रोजी पोर्तो शहरात उठाव झाला. राजाने परत यावं आणि लोकप्रतिनिधींनी केलेल्या घटनेनुसार राज्य करावं, ही त्यातली मागणी. तरुण अधिकारी सा नोगेरा या बाजूला उभे राहिले आणि शेवटपर्यंत तिथून हलले नाहीत. पुढे त्यांनी गणित आणि तटबंदीशास्त्राचा अभ्यास केला, काही काळ पॅरिसमध्ये शिक्षण घेतलं. त्यांच्या लिखाणात आकडे, नकाशे आणि कलमं यांची जी शिस्त दिसते, तिचं मूळ या शिक्षणात आहे.

१८२२ मध्ये घटना आली आणि त्याच वर्षी ब्राझील स्वतंत्र झाला. १८२६ मध्ये राजा जॉन सहावा वारला. थोरला मुलगा डॉम पेद्रो तेव्हा ब्राझीलचा सम्राट होता. त्याने पोर्तुगालला एक सनद दिली आणि गादी आपल्या सात वर्षांच्या मुलीला, मारिया द ग्लोरियाला दिली. धाकटा भाऊ डॉम मिगेल याने घटना पाळण्याची शपथ घेऊन १८२८ मध्ये कारभार हाती घेतला आणि काही महिन्यांतच स्वतःला अनियंत्रित राजा म्हणून घोषित केलं. पोर्तोमधल्या उदारमतवाद्यांनी पुन्हा उठाव केला, पण तो फसला. त्या वेळी इंग्लंडहून ‘बेलफास्ट’ नावाच्या आगबोटीने आलेले बडे पुढारी त्याच बोटीने परत गेले. सैनिक मागे उरले. सा नोगेरा त्या सैनिकांबरोबर राहिले आणि डोंगरवाटांनी माघार घेत त्यांच्यासह स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात उतरले. पुढच्या राजकारणात त्यांच्या शब्दाला जे वजन आलं, त्यात या निर्णयाचा वाटा मोठा होता.

पोर्तोचा वेढा

डॉम पेद्रोने १८३१ मध्ये ब्राझीलचं सिंहासन सोडलं आणि मुलीच्या हक्कासाठी तो स्वतः युद्धात उतरला. परागंदा उदारमतवादी अझोर्स बेटांवर जमले होते. तिथून सुमारे साडेसात हजारांची फौज जहाजांत बसली आणि ८ जुलै १८३२ रोजी पोर्तोच्या उत्तरेला किनाऱ्यावर उतरली. पुढे पोर्तुगीज साहित्यात मोठं नाव मिळवलेले आल्मेदा गारेत आणि अलेशांद्रे एर्कुलानो हे दोघं या फौजेत साधे शिपाई होते. दुसऱ्याच दिवशी पोर्तो हाती आलं. पण मिगेलच्या बाजूला कित्येक पटींनी मोठं सैन्य होतं. त्याने शहराला वेढा घातला आणि तो पुढचं वर्षभर उठला नाही. तोफगोळे, उपासमार आणि त्यात कॉलरा. पोर्तोच्या माणसांनी हे सगळं सोसलं.

सा नोगेरा या शहराचे लष्करी गव्हर्नर होते. पोर्तो दोउरो नदीच्या उत्तर काठावर आहे. समोरच्या काठावर व्हिला नोव्हा द गाया, म्हणजे पोर्ट वाइनच्या वखारींचं गाव. ८ सप्टेंबर १८३२ रोजी मिगेलच्या सैन्याने दक्षिणेकडून गायावर मोठा हल्ला चढवला. तिथल्या आल्तो दा बांदेरा नावाच्या उंचवट्यावर लढाईचं नेतृत्व करत असताना सा नोगेरा यांच्या उजव्या हाताला गोळी लागली. हात वाचण्यासारखा नव्हता, तो कापावा लागला. ईथर आणि क्लोरोफॉर्म यांचा वापर शस्त्रक्रियेत सुरू व्हायला अजून चौदा-पंधरा वर्षं अवकाश होता. माणूस पूर्ण शुद्धीवर असताना सर्जन करवत चालवत असे, आणि त्यातून वाचला तरी जखम चिघळून मरण्याची भीती राहायचीच. सा नोगेरा वाचले. काही महिन्यांतच ते डॉम पेद्रोच्या सरकारात नौदल खात्याचे मंत्री म्हणून कामाला लागले. लढाईच्या त्या जागेवरूनच १८३३ मध्ये त्यांना सा दा बांदेराचे बॅरन हा किताब मिळाला. पुढे ते व्हायकाउंट झाले आणि १८६४ मध्ये मार्किस.

जुलै १८३३ मध्ये चार्ल्स नेपियर या इंग्रज कप्तानाच्या हाताखाली उदारमतवाद्यांच्या आरमाराने मिगेलच्या आरमाराचा सेंट व्हिन्सेंट भूशिराजवळ पराभव केला, त्याच महिन्यात लिस्बन पडलं, आणि २६ मे १८३४ रोजी एव्होरा-मोंते इथे तह होऊन मिगेल देशाबाहेर गेला. स्वातंत्र्याच्या नावाने लढलेलं युद्ध जिंकलं गेलं. आता प्रश्न असा होता की ते स्वातंत्र्य नक्की कोणाकोणाचं?

१० डिसेंबर १८३६

त्या वेळच्या पोर्तुगालच्या नकाशात आंगोला, मोझांबिक, गिनी, केप व्हर्द, साओ तोमे, गोवा, दमण, दीव, मकाव आणि तिमोर एवढं सगळं होतं. आणि या राज्याचा सर्वांत जुना सागरी धंदा होता माणसं विकण्याचा. इतिहासकारांनी जहाजांच्या नोंदी जुळवून काढलेला अंदाज असा, की अटलांटिक ओलांडून नेलेल्या सुमारे सव्वाशे लाख आफ्रिकी माणसांपैकी जवळपास ५८ लाख पोर्तुगीज आणि ब्राझिली जहाजांतून नेली गेली. खुद्द पोर्तुगालच्या भूमीवर बाहेरून आलेला गुलाम मुक्त होईल, असा कायदा तेव्हाचा मंत्री पोंबाल याने १७६१ मध्येच केला होता. वसाहतींना मात्र तो लागू नव्हता. इंग्लंडच्या दबावाखाली १८१५ मध्ये विषुववृत्ताच्या उत्तरेकडचा गुलामांचा व्यापार पोर्तुगालने सोडला होता. पण आंगोला आणि मोझांबिक विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहेत. खरा धंदा तिथेच चालायचा.

त्यात आणखी एक भर पडली. ब्राझीलने १८३१ मध्ये गुलामांची आयात कायद्याने बंद केली, पण कॉफी आणि उसाच्या मळ्यांची मागणी तशीच राहिली. मग ब्राझीलचे व्यापारी आपल्या जहाजांवर पोर्तुगालचं निशाण लावू लागले. त्यासाठी लागणारी कागदपत्रं पैसे मोजले की मिळायची.

सप्टेंबर १८३६ मध्ये लिस्बनमध्ये क्रांती झाली आणि उदारमतवाद्यांमधला अधिक लोकाभिमुख गट सत्तेवर आला. नोव्हेंबरमध्ये राणी मारियाच्या पाठिंब्याने उलटा डाव टाकला गेला, तोही फसला, आणि सा दा बांदेरा सरकारचे प्रमुख झाले. त्यांच्यासोबत पासोस मानुएल हा धडाडीचा मंत्री होता. या सरकारने थोडक्या महिन्यांत शाळांची नवी घडी बसवली. जानेवारी १८३७ मध्ये लिस्बनची पॉलिटेक्निक शाळा आणि लष्करी शाळा उघडण्याचे हुकूम निघाले. पण त्याआधीच, १० डिसेंबर १८३६ रोजी, एक हुकूम निघाला होता. विषुववृत्ताच्या उत्तरेला असो वा दक्षिणेला, पोर्तुगालच्या कोणत्याही मुलखातून गुलामांची निर्यात यापुढे बंद.

हुकुमामागचा युक्तिवाद नीट पाहायला हवा. माणसाला विकणं हे अमानुष आहे, हे त्यात आहेच. पण त्याच्या बरोबरीने हिशेबही आहे. आफ्रिकेतली कष्टाळू माणसं ब्राझीलला पाठवून आपण परक्या देशाचे मळे पिकवतो आणि आपल्या वसाहती ओसाड ठेवतो. तीच माणसं आफ्रिकेत राहिली, तर तिथे शेती वाढेल, व्यापार वाढेल, गमावलेल्या ब्राझीलची भरपाई होईल. सा दा बांदेरा साम्राज्य सोडायला निघालेले नव्हते. त्यांना ते नव्या पायावर उभं करायचं होतं. त्यांचं मोठेपण सांगताना ही गोष्ट लपवली, तर त्यांच्या कामाला कुठे मर्यादा पडल्या हेही कळणार नाही.

हुकुमात एक फटही राहून गेली होती. एका वसाहतीतून दुसऱ्या वसाहतीत बिऱ्हाड हलवणाऱ्या माणसाला दहापर्यंत गुलाम सोबत नेण्याची मुभा होती. व्यापाऱ्यांना एवढी फट पुरेशी होती. पण मुळात हुकूम पाळायचा तरी कोणी? लुआंडाच्या जकातीचं उत्पन्न बहुतांशी गुलामांच्या निर्यातीवर उभं होतं. गव्हर्नरपासून नाक्यावरच्या कारकुनापर्यंत सगळ्यांचे पगार तुटपुंजे, आणि त्यावरची कमाई याच धंद्यातून. मोझांबिकचा गव्हर्नर मार्किस द आराकाती याने तर हुकूम लागू करण्यालाच स्थगिती दिली. लिस्बनमध्ये बसून सही करणाऱ्या मंत्र्याजवळ ना पुरेशी गलबतं होती, ना प्रामाणिक अंमलदार.

इंग्लंडची घाई, पोर्तुगालची मानहानी

हुकूम कागदावर राहिला हे पाहून इंग्लंडने दडपण वाढवलं. परराष्ट्रमंत्री लॉर्ड पामर्स्टन यांना कायमस्वरूपी तह हवा होता, आणि इंग्रज आरमाराला पोर्तुगीज जहाजं अडवून तपासण्याचा हक्क हवा होता. सा दा बांदेरा यांना व्यापार थांबवायचाच होता, पण देशाचं सार्वभौमत्व गहाण टाकून नाही. वाटाघाटी लांबत गेल्या. १८३९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने एकतर्फी कायदा करून पोर्तुगीज निशाणाखालची गुलामांची जहाजं पकडण्याचा अधिकार आपल्या आरमाराला देऊन टाकला. लिस्बनमध्ये संतापाची लाट उसळली. सा दा बांदेरा यांनी १८४० मध्ये या कायद्याविरुद्ध पुस्तिका लिहून पोर्तुगालची बाजू मांडली. शेवटी जुलै १८४२ मध्ये दोन्ही देशांत तह झाला.

या प्रकरणाचा एक दुष्परिणाम फार काळ टिकला. गुलामांचा व्यापार थांबवणं ही इंग्रजांची मागणी आहे, असा समज पोर्तुगालमध्ये घट्ट झाला. धंद्यात हितसंबंध असलेल्यांना देशाभिमानाची ढाल मिळाली. सा दा बांदेरा यांची कोंडी अशी, की परक्या सत्तेच्या दंडेलीला विरोध करायचा आणि त्याच वेळी स्वकीयांना सांगत राहायचं, की इंग्रज म्हणतात म्हणून नव्हे, आपल्याला शोभत नाही म्हणून हे थांबवायचं आहे.

१८४० च्या दशकात सत्ता कडक हाताच्या कोस्ता काब्राल यांच्याकडे गेली. १८४६ मध्ये पुन्हा यादवी पेटली तेव्हा सा दा बांदेरा पोर्तोच्या बंडखोर समितीच्या बाजूने लढले आणि हरले. व्हाल्पासोसच्या लढाईत त्यांच्याच फौजेतल्या पलटणी ऐन वेळी शत्रूला जाऊन मिळाल्या. परकी सैन्यं मध्ये पडली आणि १८४७ मध्ये हे युद्ध मिटलं. दरम्यान आंगोलात पेद्रो अलेशांद्रिनो द कुन्या या नौदल अधिकाऱ्याने गव्हर्नर म्हणून गुलामांच्या व्यापाऱ्यांवर खरोखरची कारवाई केली. आणि १८५० मध्ये ब्राझीलने आपली बंदरं या व्यापाराला खऱ्या अर्थाने बंद केली. अटलांटिकवरचा गिऱ्हाईकच संपला. १८३६ चा हुकूम अमलात यायला इतकं सगळं जुळून यावं लागलं.

कलमाकलमाने

व्यापार थांबला म्हणजे गुलामगिरी थांबली असं नाही. आफ्रिकेतल्या वसाहतींत हजारो माणसं मालकांच्या ताब्यात होतीच. इथे अडचण आली ती उदारमतवाद्यांच्याच आवडत्या तत्त्वाची. १८२६ च्या सनदेने नागरिकाच्या मालमत्तेला पूर्ण संरक्षण दिलं होतं. मळेवाले म्हणत, गुलाम ही आमची मालमत्ता आहे. नुकसानभरपाई दिल्याशिवाय ती सरकारला काढून घेता येणार नाही. आणि भरपाई द्यायला तिजोरीत पैसा नव्हता. स्वातंत्र्यासाठी लिहिलेल्या दस्तऐवजाचा आधार गुलामगिरी टिकवण्यासाठी घेतला जात होता.

सा दा बांदेरा यांनी यावर जो मार्ग काढला, तो लष्करी अभियंत्याला शोभेल असा होता. किल्ल्यावर सरळ चढाई न करता खंदक खणत जवळ सरकायचं. १८५१ मध्ये समुद्रापारच्या प्रांतांसाठी सल्लागार परिषद पुन्हा स्थापन झाली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. मंत्री कोणीही असो, कायद्यांचे मसुदे या परिषदेच्या टेबलावर तयार होऊ लागले.

१४ डिसेंबर १८५४ चा हुकूम यातला पाया. प्रत्येक मालकाने आपल्या गुलामांची सरकारी नोंद करायची. ठरलेल्या मुदतीत नोंद झाली नाही, तर तो माणूस मुक्त समजला जाणार. सरकारच्या मालकीचे गुलाम ताबडतोब मुक्त. प्रत्येक प्रांतात गुलाम आणि मुक्त झालेले यांच्या रक्षणासाठी एक मंडळ. या नोंदवहीचं महत्त्व चटकन लक्षात येत नाही. नोंद नसली की मालक म्हणेल तो माणूस गुलाम ठरायचा. नोंद सुरू झाल्यावर पुराव्याचा भार मालकावर आला आणि यादी बंद झाली. तिच्यात बाहेरून नव्या नावांची भर पडायला कायदेशीर वाटच उरली नाही.

मग १८५६ मध्ये एकामागून एक पावलं पडली. नगरपालिका, मिझेरिकॉर्दिया या धर्मादाय संस्था आणि चर्च यांच्या ताब्यातले गुलाम मुक्त झाले. २४ जुलैच्या कायद्याने गुलाम आईच्या पोटी यापुढे जन्मणारं मूल स्वतंत्र ठरलं. पण त्याने विसाव्या वर्षापर्यंत आईच्या मालकाकडे बिनपगारी राबायचं, ही अट त्याला चिकटलेली होती. नोव्हेंबरमध्ये आंगोलातल्या सक्तीच्या हमालीवर बंदी आली. तिथे व्यापाऱ्यांचा माल किनाऱ्यापर्यंत माणसांच्या डोक्यावरून जायचा, आणि ही माणसं गावागावांतून वेठीला धरून आणली जायची. लुआंडाच्या व्यापाऱ्यांनी या बंदीविरुद्ध एवढा गहजब केला की अंमलबजावणी लगेच ढिली पडली. २९ एप्रिल १८५८ च्या हुकुमाने शेवटची तारीख ठरली: आजपासून वीस वर्षांनी, म्हणजे २९ एप्रिल १८७८ रोजी, पोर्तुगालच्या कोणत्याही मुलखात गुलाम असणार नाही.

याच सुमाराला एका जहाजाने हे सगळं प्रकरण युरोपच्या दरबारात नेलं. इंग्लंड-फ्रान्सने आपापल्या वसाहतींतली गुलामगिरी संपवली होती, पण मळ्यांना मजूर हवेच होते. फ्रेंच जहाजं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून ‘कराराने आलेले स्वखुशीचे मजूर’ म्हणून माणसं भरून रेयुनियाँ बेटावर नेत. नोव्हेंबर १८५७ मध्ये ‘शार्ल ए जॉर्ज’ नावाचं असं एक जहाज मोझांबिकमध्ये पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी पकडलं. आत शंभरावर आफ्रिकी होते आणि आपल्याला जबरदस्तीने आणल्याचं ते सांगत होते. कप्तानाला शिक्षा झाली, जहाज लिस्बनला आणलं गेलं. समुद्रापारच्या खात्याचे मंत्री तेव्हा सा दा बांदेराच होते. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने उत्तर म्हणून १८५८ मध्ये तेजो नदीच्या मुखात लढाऊ जहाजं पाठवली. ज्या इंग्लंडने गुलामांच्या व्यापारावरून पोर्तुगालला वर्षानुवर्षं धारेवर धरलं होतं, ते या वेळी मदतीला आलं नाही. पोर्तुगालला जहाज परत द्यावं लागलं, वर भरपाईही मोजावी लागली. कायदा पाळणाऱ्या दुबळ्या देशाला कायदा मोडणाऱ्या बलाढ्य देशापुढे मान तुकवावी लागली, याचं इतकं उघडं उदाहरण त्या शतकात शोधावं लागेल.

गोव्याच्या बाजूने पाहताना

या इतिहासाचा एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. मोझांबिकहून येणारी गलबतं गोवा, दमण आणि दीव या बंदरांत आफ्रिकी गुलाम उतरवत. गोव्यात त्यांना खापरी म्हणत. घरकाम, पालखी वाहणं, शिपायांच्या तुकड्या अशा कामांवर ते दिसत. संख्येने ते आफ्रिकी वसाहतींच्या मानाने थोडे होते, पण शतकानुशतकं होते. उत्तर कन्नड जिल्ह्यात येल्लापूर, हल्याळ या भागांत राहणाऱ्या सिद्दी समाजातल्या अनेकांचे पूर्वज गोव्यातून निसटून घाटावरच्या रानात आले, असं मानलं जातं. सा दा बांदेरा यांच्या हुकुमांनी हा मोझांबिक-गोवा व्यवहारही बेकायदा ठरवला.

दुसरा धागा राजकारणाचा. तिसवाडीतल्या नेवरें गावचे डॉक्टर बेर्नार्दो पेरेस द सिल्वा हे गोव्याचे प्रतिनिधी म्हणून पोर्तुगालच्या संसदेत निवडून गेले होते. मिगेलच्या काळात तेही परागंदा झाले. उदारमतवाद्यांचा विजय झाल्यावर त्यांना पोर्तुगीज भारताचा प्रमुख, म्हणजे प्रीफेक्ट, म्हणून नेमलं गेलं. साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज राजवटीत या पदावर आलेले ते एकमेव गोवेकर. जानेवारी १८३५ मध्ये त्यांनी सूत्रं घेतली आणि १ फेब्रुवारीला लष्करातल्या गोऱ्या व मिश्रवंशीय अधिकाऱ्यांनी बंड करून त्यांना हुसकावलं. ते मुंबईला आले आणि पुढची दोन-अडीच वर्षं त्यांचा अंमल फक्त दमण आणि दीवपुरता राहिला. १८३७ मध्ये लिस्बनने साब्रोझोचा बॅरन हा नवा गव्हर्नर जनरल गोव्याला धाडला. त्या वेळी लिस्बनमध्ये सा दा बांदेरा यांचंच सरकार होतं. सगळे नागरिक समान असं म्हणणारी घटना सातासमुद्रापार पोचेपर्यंत कशी झिजून जाते, हे आंगोलाइतकंच गोव्यानेही पाहिलं.

शेवटचा टप्पा

१८६८ मध्ये सा दा बांदेरा चौथ्यांदा सरकारचे प्रमुख झाले. वय त्र्याहत्तरीकडे झुकलेलं. २५ फेब्रुवारी १८६९ रोजी त्यांच्या सरकारने हुकूम काढला: पोर्तुगालच्या सर्व मुलखांतून गुलाम हा दर्जा आजपासून रद्द. कायद्याच्या भाषेत साम्राज्यात आता एकही गुलाम उरला नाही. पण त्या सगळ्यांचे ‘लिबेर्तो’, म्हणजे मुक्त केलेले, झाले, आणि आधी ठरलेल्या १८७८ च्या तारखेपर्यंत त्यांनी जुन्या मालकांसाठी राबणं बंधनकारक राहिलं.

सा दा बांदेरा यांना हे पुरेसं वाटत नव्हतं. १८७३ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी आफ्रिकेतली शेतमजुरी आणि वसाहतींचा कारभार या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केलं. मुक्त झालेल्याला काम करायचं की नाही, कोणाकडे करायचं, किती मजुरीवर करायचं, हे त्याने स्वतः ठरवलं पाहिजे. सक्तीचा करार हे गुलामगिरीचंच दुसरं रूप आहे, असा त्यांचा आग्रह होता. २९ एप्रिल १८७५ रोजी संसदेने कायदा करून लिबेर्तोंची सक्ती ठरल्या तारखेआधीच संपवण्याचं ठरवलं. कायदा लागू व्हायला वर्षभराची मुदत होती. साओ तोमे बेटावरच्या मजुरांनी तेवढी वाट पाहिली नाही. नोव्हेंबर १८७५ मध्ये कॉफी-कोकोच्या मळ्यांतून बाहेर पडून ते शहरात आले, आणि त्यांना तिथेच मोकळं करण्यावाचून गव्हर्नरपुढे पर्याय राहिला नाही. ६ जानेवारी १८७६ रोजी सा दा बांदेरा लिस्बनमध्ये वारले. लिबेर्तोंच्या मुक्तीचा कायदा सर्वत्र लागू झाला तो त्याच वर्षी.

लिस्बनमध्ये डॉम लुईस चौकात १८८४ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. चौथऱ्याशी शृंखला तुटलेली आफ्रिकी स्त्री आहे. आंगोलातल्या लुबांगो शहराला १९२३ पासून देश स्वतंत्र होईपर्यंत त्यांचं नाव होतं. पोर्तो आणि सांतारेममध्ये त्यांच्या नावाची नाट्यगृहं आहेत. पण त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कामाचं काय झालं, हे पुतळा सांगत नाही. साओ तोमेच्या कोको मळ्यांवर ‘करारी मजूर’ म्हणून आंगोलातून माणसं नेली जात राहिली. त्यांतली फार थोडी कधी घरी परतली. १८९९ च्या कामगार नियमांनी काम करणं हे आफ्रिकी माणसाचं कर्तव्यच ठरवून टाकलं. या मजुरीची माहिती उघड झाल्यावर कॅडबरीसह इंग्लंडच्या चॉकलेट कंपन्यांनी १९०९ मध्ये साओ तोमेचा कोको घेणं बंद केलं. सक्तीच्या मजुरीचा कायदेशीर आधार पोर्तुगालने पूर्णपणे मोडला तो १९६१-६२ मध्ये, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच सुमारास.

मग सा दा बांदेरा यांनी मिळवलं काय? मला वाटतं, त्यांनी मिळवलेलं फार मोठं आहे, आणि ते नीट ओळखण्यासाठी त्यांच्या मर्यादा आधी मान्य कराव्या लागतात. ते साम्राज्यवादी होते. मळेवाल्यांशी त्यांनी वीस-वीस वर्षांच्या मुदतींचे सौदे केले, आणि त्या मुदतींत माणसं राबत राबत म्हातारी झाली, मेली. पण त्यांच्या पिढीतले बहुतेक उदारमतवादी पोर्तोच्या वेढ्यातल्या पराक्रमावर जन्मभर मोठे झाले, किताब आणि मंत्रिपदं भोगून थांबले. सा दा बांदेरा थांबले नाहीत. १८३६ मध्ये हुकूम काढून ते मोकळे झाले असते, तर इंग्लंडला दाखवायला तेवढाही पुरला असता. त्यांनी तो हुकूम कुठे अडतो हे पाहिलं, अडलेल्या जागी नवं कलम आणलं, त्या कलमातून मालकांनी वाट काढली की ती बुजवायला तिसरं आणलं, आणि विरोधकांची मंत्रिमंडळं असतानाही परिषदेत बसून हेच काम रेटलं. स्वातंत्र्याचा कायदा एकदा झाला म्हणजे आपोआप माणसापर्यंत पोचतो, या समजुतीवर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही. वेठबिगार आपल्याकडे १९७६ मध्ये कायद्याने संपली आणि त्यानंतरही वीटभट्ट्यांवर, ऊसतोडीच्या उचलीत ती शोधून काढावी लागली. त्या अनुभवाच्या उजेडात सा दा बांदेरा यांचं आयुष्य वाचलं, की त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट स्पष्ट होते: कायदा मंजूर झाल्याच्या दिवशी अर्धंच काम झालेलं असतं, आणि उरलेलं अर्धं करायला तोच माणूस पुन्हा पुन्हा दारात उभा राहावा लागतो.